घर कोणाचे? मालकी, ताबा आणि परवानगी



आजचा विषय जाहीर झाल्यावर काहींनी विचारले, की तत्त्वज्ञान शिकवणाऱ्यांचे घरभाड्याच्या व्यवहारात काय काम? प्रश्न रास्त आहे. आम्ही वकील नव्हे आणि घरांचे दलालही नव्हे. पण ‘माझे’ या शब्दाचा अर्थ काय, हा तत्त्वज्ञानातला फार जुना प्रश्न आहे आणि एखादा जादा फ्लॅट बाळगून असलेल्या माणसाची सगळी काळजी याच शब्दाभोवती फिरते. ‘घर माझं आहे, पण दिलं तर माझं राहील का?’ एवढीच ती काळजी.

आज बोलायचे आहे ते छोट्या घरमालकांविषयी. नोकरीच्या शेवटी फंडाच्या पैशांतून दुसरा फ्लॅट घेतलेला माणूस, नवऱ्यामागे एका खोलीच्या भाड्यावर औषधपाणी चालवणारी बाई, परदेशातल्या मुलाचा पुण्यातला फ्लॅट सांभाळणारे आईवडील. यांच्यासाठी भाडे म्हणजे पेन्शनच. आणि यांच्यातलेच कित्येक जण घर कुलूप लावून ठेवतात. २०११च्या जनगणनेत देशातल्या शहरांमध्ये सुमारे १ कोटी ११ लाख घरे रिकामी आढळली होती. त्यातली सगळीच काही भीतीपोटी रिकामी नव्हती, पण भीती हे एक कारण नक्की आहे. त्याच शहरांत नोकरीला आलेली मुलेमुली कॉटबेसिसवर दाटीवाटीने राहतात. म्हणजे एकीकडे माणसाविना घर आणि दुसरीकडे घराविना माणूस. ही गाठ नेमकी कुठे पडली आहे, ते आज आपण पाहू.

भीती आली कुठून?

ही भीती उगाच आलेली नाही. मुंबई प्रांतात १९४७ साली भाडेनियंत्रणाचा कायदा आला. युद्ध नुकतेच संपलेले, शहरात माणसे लोटत होती, घरे कमी. अशा वेळी भाडेकरूला रस्त्यावर येण्यापासून वाचवणे हा हेतू चांगलाच होता. पण या कायद्याने ‘प्रमाण भाडे’ बांधून दिले ते १ सप्टेंबर १९४० रोजी जे भाडे होते त्या पातळीला, आणि पुढे दशकानुदशके ते जवळजवळ तिथेच राहिले. महागाई वाढली, भाडे वाढले नाही. मालकाला डागडुजी परवडेना, चाळी खचू लागल्या. भाडे वाढत नाही म्हणून मग पागडी आली. भाडेकरू जागा सोडताना पागडी घेणार आणि मालक त्यात आपला हिस्सा मागणार. डिसेंबर १९९७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मालपे विश्वनाथ आचार्य खटल्यात स्पष्ट म्हटले, की प्रमाण भाड्याच्या या तरतुदी काळाच्या ओघात अवाजवी ठरल्या आहेत.

दरम्यान आणखी एक घटना घडली होती. भाडेकरू ठेवला तर तो कायमचा राहतो, म्हणून मालकांनी ‘लिव्ह अँड लायसन्स’ची वाट धरली होती. भाडेपट्टा करायचा नाही, फक्त राहण्याची परवानगी द्यायची. पण १९७३ साली कायद्यात दुरुस्ती झाली आणि १ फेब्रुवारी १९७३ रोजी अशा परवानगीवर जागेत असलेल्यांना भाडेकरूचा दर्जा मिळाला. परवानगी दिली होती आणि एका रात्रीत भाडेकरू झाला! त्या पिढीच्या मनावर ही गोष्ट कोरली गेली. आजही कोणी घर भाड्याने द्यायचे म्हणताच घरातली वडीलधारी मंडळी म्हणतात, ‘आत आलेला माणूस बाहेर जात नाही रे बाबा.’ ते त्यांच्या काळाविषयी खरे बोलत असतात.

पण पुढे काय झाले? महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ हा नवा कायदा ३१ मार्च २००० पासून लागू झाला. परिस्थिती बदलली, भीती मात्र जुन्याच पत्त्यावर राहिली.

तीन शब्द वेगळे करू

आता जरा आमच्या विषयाकडे वळतो. कान्टने १७९७ साली प्रसिद्ध झालेल्या नीतिविषयक ग्रंथात ‘माझे’ या शब्दाची फोड केली आहे. त्याचे उदाहरण अगदी साधे आहे. हातात सफरचंद आहे म्हणून ते माझे होत नाही. ते खाली ठेवून मी दूर गेलो, तरीही ते माझेच आहे असे म्हणता आले, तर ते खरे माझे. हातात धरणे ही शारीरिक गोष्ट झाली. मालकी ही बुद्धीने कळणारी गोष्ट आहे, ती इतरांच्या मान्यतेवर आणि सार्वजनिक कायद्यावर उभी असते.

आता हे कुलूपबंद फ्लॅटला लावून बघा. जो माणूस म्हणतो, ‘किल्ली माझ्याकडे आहे तोवरच घर माझं’, तो मालकीला हातातल्या सफरचंदापर्यंत खाली आणतो. त्याची मालकी किल्लीत नाहीच. ती खरेदीखतात आहे, नोंदणी कार्यालयातल्या नोंदीत आहे, सोसायटीच्या भागधारक म्हणून त्याच्या नावात आहे.

म्हणून तीन शब्द वेगळे ठेवायचे : मालकी, ताबा आणि परवानगी. घर कोणाचे, ही मालकी. घर कोणाच्या अंमलाखाली आहे, हा ताबा. आणि वापरायला दिले आहे का, ही परवानगी. १८८२ साली आपल्याकडे दोन कायदे झाले. मालमत्ता हस्तांतरण कायद्यात भाडेपट्ट्याची व्याख्या आहे आणि सुखाधिकार कायद्यात परवान्याची. भाडेपट्ट्यात घरातला एक हक्क काही काळापुरता भाडेकरूकडे जातो. परवान्यात असा कोणताही हक्क जात नाही. जे केले असता एरवी बेकायदा ठरले असते, ते करण्याची मुभा फक्त मिळते. आपल्याकडच्या लिव्ह अँड लायसन्स कराराचे मूळ हे आहे.

मात्र एक खबरदारी घ्या. कागदावर ‘लायसन्स’ असे नाव घातले म्हणजे काम झाले असे नाही. असोसिएटेड हॉटेल्स विरुद्ध कपूर या १९५९च्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, की कागदाचे नाव पाहायचे नाही, दोघांनी खरोखर काय ठरवले होते ते पाहायचे. तेव्हा कराराचा मजकूर आणि प्रत्यक्ष व्यवहार यांचा मेळ बसला पाहिजे.

अकरा महिने आणि बारा वर्षे

घरभाड्याच्या बाबतीत दोन आकडे लोकांच्या तोंडी असतात. दोन्हींचा अर्थ नीट समजून घेऊ.

पहिला, अकरा महिने. ‘अकरा महिन्यांचाच करार करायचा, मग नोंदणी लागत नाही,’ असे सर्रास सांगितले जाते. याचे मूळ १९०८च्या नोंदणी कायद्यात आहे. एक वर्षाहून अधिक मुदतीच्या भाडेपट्ट्याला नोंदणी सक्तीची, म्हणून लोक एक महिना अलीकडे थांबले. पण महाराष्ट्रात १९९९च्या कायद्याचे कलम ५५ आले. त्यानुसार भाड्याचा वा लिव्ह अँड लायसन्सचा करार लेखी आणि नोंदणीकृत असलाच पाहिजे, मुदत कितीही असो. आणि नोंदणीची जबाबदारी मालकाची. ती केली नाही तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. पण दंडापेक्षा मोठी गोष्ट पुढेच आहे. नोंदणीकृत करार नसेल, तर जागा कोणत्या अटींवर दिली याविषयी भाडेकरू जे म्हणेल ते, उलट सिद्ध होईपर्यंत, खरे धरले जाते. पाचशेच्या स्टॅम्पपेपरवर नोटरीचा शिक्का मारून निर्धास्त झोपणाऱ्यांनी हे वाक्य दोनदा वाचावे. नोटरी म्हणजे नोंदणी नव्हे.

दुसरा आकडा, बारा वर्षे. ‘बारा वर्षं राहिला की भाडेकरू मालक होतो,’ असा मेसेज दर पावसाळ्यात छत्र्यांसारखा उगवतो. बारा वर्षांची मुदत आहे ती प्रतिकूल ताब्याची, म्हणजे मालकाच्या हक्काला आव्हान देऊन उघडपणे ठेवलेल्या ताब्याची. भाडेकरू तर तुमच्याच परवानगीने आला आहे. त्याचा ताबा प्रतिकूल कसा होईल? शिवाय ज्याच्या परवानगीने आपण जागेत शिरलो त्याची मालकी जागेत राहून नाकारता येत नाही, असे पुराव्याचा कायदाही सांगतो.

आणि हा विचार पाश्चात्त्यांकडून आलेला नाही बरं का. याज्ञवल्क्यस्मृतीच्या व्यवहाराध्यायात म्हटले आहे, की मालक डोळ्यांनी पाहत असून काही बोलत नाही आणि दुसरा वीस वर्षे जमीन उपभोगतो, तर मालकाचे नुकसान होते. पण लगेच अपवाद सांगितले आहेत. गहाण ठेवलेली वस्तू, विश्वासाने सांभाळायला दिलेली ठेव, अज्ञान बालकाचे धन. यांना हा नियम लागू नाही. का? कारण तिथे दुसऱ्याचा उपभोग मालकाच्या गप्प बसण्यातून आलेला नसतो. तो विश्वासातून, संमतीतून किंवा असहायतेतून आलेला असतो. आज करार लिहून घेणे म्हणजे हेच करणे : ही संमती आहे, हे गप्प बसणे नाही, असे सर्वांसमक्ष नोंदवणे.

कागदाचे बळ

नोंदणीकृत करार असेल आणि मुदत संपूनही माणूस राहते घर सोडत नसेल, तर काय? त्याच कायद्याचे कलम २४ मालकाच्या मदतीला येते. मालक सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज करू शकतो. लेखी करार हा त्यातल्या मजकुराचा निर्णायक पुरावा मानला जातो. समोरच्याला बचाव मांडायचा तर आधी प्रतिज्ञापत्र करून परवानगी मागावी लागते. आणि मुदतीनंतर राहिलेल्या काळासाठी ठरलेल्या शुल्काच्या दुप्पट दराने भरपाई द्यावी लागते. वेळ लागतोच, पण जुन्या दिवाणी दाव्यांसारख्या पिढ्या जात नाहीत. एवढे लक्षात ठेवा, की ही वाट राहण्यासाठी दिलेल्या जागेपुरती आहे. दुकानाचा गाळा दिला असेल तर ती मिळत नाही.

खर्च किती? लिव्ह अँड लायसन्सवर मुद्रांक शुल्क पाव टक्का आहे. समजा महिना २०,००० भाडे, १ लाख डिपॉझिट, मुदत अकरा महिने. भाड्याचे २,२०,००० आणि डिपॉझिटवर दहा टक्क्यांनी धरलेले व्याज मिळून रक्कम २,३०,००० च्या आत येते. त्याचा पाव टक्का म्हणजे सहाशे रुपयांहून कमी. शहरात नोंदणी फी १,०००. आधार पडताळणी करून हे सगळे घरबसल्या ऑनलाइन होते. दर बदलतात, तेव्हा करार करताना ताजे पाहून घ्या. पण ऐंशी लाखांच्या घरासाठी दोनेक हजार वाचवणे शहाणपणाचे नाही, हे सांगायला तत्त्वज्ञ लागत नाही.

करारात काय असावे? मुदत, भाडे आणि ते देण्याची तारीख. डिपॉझिटची रक्कम, ते किती दिवसांत परत द्यायचे आणि त्यातून काय कापता येईल. कोणी मध्येच सोडायचे म्हटले तर नोटीस किती. वीजबिल, मेंटेनन्स, पाण्याचा मीटर कोणाकडे. कोण कोण राहणार. आणि एक यादी : पंखे किती, गिझर चालू आहे का, भिंतीवर ओल आहे का. किल्ली देताना दोघांनी मिळून फोटो काढावेत. मग वापराने झालेली झीज आणि निष्काळजीपणाने झालेली मोडतोड यांतला फरक निघताना भांडून ठरवावा लागत नाही. डिपॉझिट हे परत द्यायचे पैसे आहेत. ते खर्च करून टाकणारा मालक शेवटच्या महिन्यात जी कारणे शोधू लागतो, ती सगळ्यांच्या ओळखीची आहेत.

पोलिसांना भाडेकरूची माहिती देणे आणि सोसायटीला लेखी कळवून कराराची प्रत देणे, ही दोन कामे किल्ली देण्याआधी उरकावीत.

ज्याला घर दिले तोही माणूसच

आतापर्यंत मालकाच्या बाजूने बोललो. आता दुसरी बाजू. भाडे थकले म्हणून पाणी तोडणे, वीज बंद करणे, कुलूप बदलणे, सामान जिन्यात काढणे, हे मालकाला करता येत नाही. अत्यावश्यक सोयी तोडणे हा १९९९च्या कायद्यानुसार गुन्हा आहे. कायदेशीर मार्गाशिवाय ताब्यातून हुसकलेल्या माणसाला सहा महिन्यांच्या आत दावा करून ताबा परत मागता येतो, आणि त्या दाव्यात मालक कोण हा प्रश्नच विचारला जात नाही! लोकांना हे विचित्र वाटते. पण विचार करा. कायद्याने मालकालासुद्धा स्वतःच्या हाताने ताबा घेऊ दिला, तर उद्या जो दांडगा तो मालक. मग सगळ्यात आधी कोणाचे घर जाईल? परदेशी राहणाऱ्याचे, एकट्या म्हाताऱ्या बाईचे. म्हणजे जो नियम आज आपल्याला अडवतो, तोच आपल्याला राखतो.

‘घर माझं, मी केव्हाही जाईन’ हेही तसेच. पाहणीसाठी जरूर जावे, पण आधी कळवून आणि योग्य वेळी.

घर कोणाला द्यायचे हाही एक प्रश्न आहे, आणि तो टाळून चालणार नाही. ‘बॅचलर नको, एकटी मुलगी नको, अमुक जातीचे नको, तमुक धर्माचे नको.’ खबरदारी घ्यायलाच हवी. नोकरी पाहा, ओळखपत्र पाहा, आधीच्या घरमालकाशी बोला. पण ही चौकशी माणसाची झाली. त्याच्या आडनावाची चौकशी ही खबरदारी नव्हे, तो आळस आहे. वेळेवर भाडे देणे आडनावात नसते. आणि आपलीच मुले दुसऱ्या शहरात, दुसऱ्या देशात कोणाच्या तरी दारात उभी असतात, हे विसरू नये.

हिशेब

शेवटी पैशाचे बोलू, कारण गुंतवणूक म्हणून दुसरे घर घेणारे बरेच जण आज ऐकत आहेत. समजा ८० लाखांचे घर आहे, भाडे महिना २०,०००. वर्षाचे २,४०,००० झाले, म्हणजे तीन टक्के. आता वजाबाकी. मेंटेनन्स ३६,०००, मालमत्ता कर १०,०००, रंग-दुरुस्तीचे सरासरी १४,०००, आणि माणूस बदलताना एक महिना घर रिकामे राहिले तर २०,०००. उरले १,६०,०००. दोन टक्के! एजंटची दलाली अजून धरलेलीच नाही. घर कर्जावर घेतले असेल तर व्याजाचा दर याच्या कितीतरी वर असतो. म्हणजे कर्ज काढून फक्त भाड्यासाठी घर घेणे हा किंमत वाढेल या आशेवरचा व्यवहार आहे. आशा करायला हरकत नाही, पण तिला उत्पन्न म्हणू नये. ज्यांना महिन्याच्या खर्चाला पैसे हवेत, त्यांनी हा हिशेब घर घेण्याआधी कागदावर मांडावा.

प्राप्तिकरात भाड्यातून भरलेला मालमत्ता कर वजा होतो आणि उरलेल्यावर सरसकट ३० टक्के वजावट मिळते. वरच्या उदाहरणात २,३०,००० चे ३० टक्के, म्हणजे ६९,००० गेले आणि करपात्र राहिले १,६१,०००. रंगकामाची पावती असो वा नसो, वजावट तेवढीच. कर्जाच्या व्याजाची वजावट वेगळी असते. भाडे रोखीत घेऊन लपवणाऱ्याला अडचणीच्या वेळी भाडे किती ठरले होते हेही सिद्ध करता येत नाही, हा धडा ध्यानात ठेवावा.

श्रोत्यांचे काही प्रश्न

*फ्लॅट भाड्याने दिला म्हणून सोसायटी जादा पैसे मागते. किती द्यायचे?*

बिनभोगवटा शुल्कावर राज्य सरकारच्या २००१च्या आदेशाने मर्यादा घातली आहे. सेवा शुल्काच्या दहा टक्के, त्याहून जास्त नाही. मालमत्ता कर यात धरायचा नाही. मेंटेनन्समधले सेवा शुल्क २,००० असेल तर २००. मुलगा, मुलगी असे जवळचे कुटुंबीय राहत असतील तर तेही नाही. सर्वसाधारण सभेने ठराव केला तरी ही मर्यादा ओलांडता येत नाही.

*मुलगा अमेरिकेत, फ्लॅट त्याच्या नावावर. करारावर सही आम्ही करू का?*

नुसते आईवडील म्हणून नाही. त्याने रीतसर कुलमुखत्यारपत्र दिले पाहिजे. आणखी एक गोष्ट राहून जाते. मालक अनिवासी असेल तर भाडे कितीही कमी असो, भाडे देणाऱ्याने कर कापून सरकारकडे भरायचा असतो. मालक इथला रहिवासी असेल तर घरगुती भाडेकरूला हे करावे लागते ते महिना ५०,००० रुपयांहून अधिक भाडे असल्यास. दोघांनीही हे आधी समजून घ्यावे.

*दोन महिन्यांपेक्षा जास्त डिपॉझिट घेता येत नाही, असा नवा नियम आला म्हणतात.*

केंद्राने २०२१ साली आदर्श भाडेकरू कायद्याचा मसुदा मंजूर केला, त्यातली ही तरतूद आहे. घरभाडे हा राज्याचा विषय. राज्याने स्वतःचा कायदा केल्याशिवाय तो मसुदा लागू होत नाही. पण म्हणून डिपॉझिट वाटेल तेवढे मागावे असेही नाही.

*भाचाच राहणार आहे. त्याच्याशी कसला करार करायचा? नात्यात अविश्वास दिसतो.*

हा सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न आहे. करार म्हणजे अविश्वास, ही समजूत आधी काढून टाकू. कोण काय देणार आणि केव्हा परत करणार, हे दोघांच्या मनात सारखेच आहे की नाही, ते करार लिहिताना कळते. भाच्याच्या मनात ‘मामाने घर दिलं’ असेल आणि मामाच्या मनात ‘दोन वर्षांपुरतं दिलं’ असेल, तर दोघेही प्रामाणिक असूनही पुढे नाते तुटते. ठेव म्हणून दिलेली वस्तू ठेवच राहावी, यासाठी आपल्या स्मृतिकारांनीसुद्धा साक्षीदार आणि लेख यांवर भर दिला. भाच्याकडून भाडे कमी घ्या, पण कागद करा आणि नोंदवा. आणि तो त्याला समजावून सांगा, नुसता सहीला पुढे करू नका.

पुढच्या व्याख्यानात मृत्युपत्र, नामनिर्देशन आणि वारसा यांविषयी बोलू. नॉमिनी म्हणजे मालक का, या प्रश्नाची बरीच पत्रे आली आहेत.